दोन वर्षांनंतर काय?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानं होतात, त्यांनी उभी हयात अंगमेहनत करणाऱ्या माणसांसाठी वेचली. म्हणून मी आज असा विषय निवडला आहे, जो अशाच माणसांच्या वाट्याला सर्वांत जास्त येतो. दाराजवळ काही मंडळी व्हीलचेअरवर बसून ऐकायला आली आहेत. त्यांना हा विषय माझ्याइतकाच, कदाचित माझ्याहून जास्त, ठाऊक आहे. त्यांच्यासमोर बोलताना एक शब्दही फुगवून सांगता येणार नाही, आणि ते बरंच आहे.

प्रश्न साधा आहे. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला इजा झाली, माणूस कमरेखाली किंवा मानेखाली लुळा पडला. त्याच्यात सुधारणा किती काळापर्यंत होऊ शकते? सहा महिने? दोन वर्षं? की त्यानंतरही? आमच्याकडे येणारे नातेवाईक इतक्या शास्त्रीय भाषेत विचारत नाहीत. ते विचारतात, “डॉक्टर, पायांत जीव येईल का?” त्याला मिळणारं उत्तर बहुतेक ठिकाणी ठरलेलं असतं: दोन वर्षं वाट बघा, जे यायचं ते तेवढ्यात येईल, त्यानंतर जे आहे ते आहे.

हे उत्तर कितपत खरं आहे?

मज्जारज्जू म्हणजे मेंदूपासून निघून कण्याच्या पोकळीतून खाली येणारा, करंगळीएवढ्या जाडीचा, सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा मज्जातंतूंचा जुडगा. हात हलवायचा हुकूम यातून खाली जातो, पायाला काटा टोचल्याची बातमी यातून वर येते. लघवी, संडास, घाम, रक्तदाब, श्वास, सगळ्यांचा कारभार इथून चालतो. मणका मोडला, सरकला, की हा जुडगा चेंगरतो. पाश्चात्त्य देशांत याचं मोठं कारण वाहनांचे अपघात. आपल्याकडे उंचावरून पडणं हे फार मोठं कारण आहे. कोकणात आंब्याच्या आणि नारळाच्या झाडावरून, शहरात बांधकामाच्या परांचीवरून, गावात विहिरीत, गच्चीवरून. दहीहंडीचे थर कोसळून मान मोडलेली पोरंही आपण पाहिली आहेत. पडणारा बहुतेक वेळा तरुण असतो आणि घरातला कमावता असतो.

(जाता जाता एक सांगतो. असा माणूस पडलेला दिसला की चौघांनी काखेत आणि पायांत धरून त्याला उचलू नका, रिक्षात दुमडून बसवू नका. मान हलू न देता फळीवर किंवा काढलेल्या दरवाजावर सरळ ठेवा आणि १०८ला फोन करा. अपुरी इजा, म्हणजे जीत इजेखाली थोडं तरी हलतं किंवा कळतं, ती पूर्ण होण्याचं काम कधी कधी या उचलाउचलीत होतं.)

आता इतिहासाकडे थोडं पाहू. इजिप्तमध्ये सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी लिहिलेला एक पपायरस आहे, शस्त्रक्रियेवरचा. त्यात मानेचा मणका सरकलेल्या रुग्णाचं वर्णन आहे: हातपाय कळत नाहीत, लघवी थेंबथेंब गळते. वर्णन इतकं अचूक की आजच्या विद्यार्थ्याने तसं लिहिलं तर मी त्याला चांगले गुण देईन. आणि शेवटी वैद्याचा निवाडा आहे की यावर उपचार करू नयेत. हा निवाडा किती काळ टिकला? थेट विसाव्या शतकापर्यंत. पहिल्या महायुद्धात अशी इजा झालेले बहुसंख्य सैनिक शय्याव्रणांनी आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने दगावले. लक्षात घ्या, ते मज्जारज्जूच्या इजेने मेले नाहीत. ते पाठीवरच्या जखमांनी आणि तुंबलेल्या लघवीने मेले.

हे चित्र बदलणाऱ्यांत सर्वांत मोठं नाव डॉ. लुडविग गुटमान यांचं. नाझी जर्मनीतून १९३९ मध्ये इंग्लंडला आलेला हा ज्यू मज्जाविकारतज्ज्ञ. १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडव्हिल इथे त्यांनी अशा रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. त्यांनी काय जादू केली? दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, दिवसा आणि रात्री. मूत्राशय नीट रिकामं करायचं. आणि रुग्णाला अंथरुणात पडू द्यायचं नाही, कामाला लावायचं, खेळाला लावायचं. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशीच, तिथल्या हिरवळीवर १६ जणांनी धनुर्विद्येची स्पर्धा केली. पॅरालिंपिकचा उगम तो. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांत जागतिक विक्रमासह सुवर्णपदक घेऊन आले. ती परंपरा स्टोक मँडव्हिलच्या हिरवळीवरून आलेली आहे.

गुटमान यांनी माणसं जगवली. पण जगलेल्या माणसांच्या नसांचं काय? तिथे निराशा कायम होती. मेंदू आणि मज्जारज्जू यांतले तंतू प्रौढ वयात पुन्हा वाढत नाहीत, हे स्पेनचे थोर शास्त्रज्ञ काहाल यांचं मत दगडावरच्या रेघेसारखं मानलं गेलं. त्यातूनच दोन वर्षांच्या त्या हिशेबाला बळ मिळालं.

तो हिशेब खोटा नाही, हे आधी मान्य करू. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो, सहा महिन्यांनी मंदावतो, वर्ष-दीड वर्षाने आलेख जवळजवळ सपाट होतो. हजारो रुग्णांत हे दिसलेलं आहे. पण एक निरीक्षण आपण नियम करून टाकलं. दोन वर्षांनंतर काही होत नाही, म्हणून फिजिओथेरपी थांबवायची. फिजिओथेरपी थांबली, म्हणून सांधे आखडले, हाडं ठिसूळ झाली, स्नायू वाळले. आणि दोन वर्षांनंतर काही होत नाही, म्हणून तपासायलाही कोणी बोलवत नाही. बहुतेक संशोधनांत रुग्णाची नोंद एका वर्षाला संपते. जिथे कोणी पाहतच नाही, तिथे कोणाला काय दिसणार?

दोन वर्षांच्या या हिशेबाला ज्या माणसाने सर्वांत जोराचा धक्का दिला, त्याच्याबद्दल आज मला सविस्तर बोलायचं आहे. ख्रिस्तोफर रीव्ह. १९७८च्या ‘सुपरमॅन’ चित्रपटातला नायक. २७ मे १९९५ रोजी व्हर्जिनियात घोडेस्वारीच्या स्पर्धेत घोडा अडथळ्यापाशी थबकला आणि रीव्ह डोक्यावर पडला. मानेचे सर्वांत वरचे दोन मणके मोडले. वय ४२. हात नाहीत, पाय नाहीत, स्वतःचा श्वासही नाही. व्हेंटिलेटर. श्रेणी ‘ए’, म्हणजे सर्वांत गंभीर.

ही श्रेणी कशी ठरते ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. शरीराच्या प्रत्येक बाजूला २८ ठिकाणी कापसाने हलकेच स्पर्श करायचा, मग पिनेने टोचायचं. प्रत्येक ठिकाणी शून्य, एक किंवा दोन गुण. दोन्ही बाजू मिळून स्पर्शाचे जास्तीत जास्त ११२, टोचणीचे ११२. हातापायांचे प्रत्येक बाजूला दहा स्नायू तपासायचे, प्रत्येकाला पाचपैकी गुण, एकूण १००. आणि शेवटी गुदद्वाराभोवतीची संवेदना आणि तिथला स्नायू आवळता येतो का ते पाहायचं. रुग्णाला संकोच वाटतो, विद्यार्थी टाळतात, पण सगळ्यात महत्त्वाची तपासणी तीच. तिथे काहीच कळत नसेल आणि आवळताही येत नसेल तर श्रेणी ‘ए’. तिथे थोडंसं जरी कळत असेल, तर त्या माणसाचं भवितव्य निराळं असू शकतं.

पहिली पाच वर्षं रीव्हमध्ये म्हणण्याजोगी सुधारणा झाली नाही. स्नायूंचे गुण १०० पैकी शून्य. संवेदनेचे ११२ पैकी पाच ते सात. एमआरआयमध्ये इजेच्या जागी मधोमध पाण्याची पोकळी आणि भोवती शाबूत तंतूंचं एक बारीक कडं, पंचवीस चौरस मिलिमीटरहूनही कमी. शास्त्राच्या तेव्हाच्या हिशेबाने खेळ कधीच संपला होता.

सेंट लुईसचे डॉ. जॉन मॅकडोनल्ड यांनी १९९९ मध्ये त्याला तपासलं आणि एक वेगळी कल्पना मांडली. बाळ वाढतं तेव्हा त्याच्या मज्जासंस्थेची घडण हालचालींमुळे होते. मग ज्याला हलता येत नाही, त्याला आपण हलवलं तर? मांड्यांच्या स्नायूंना विजेचे हलके झटके देऊन त्याचे पाय सायकलवर फिरवायचे. पाण्यात उतरवून व्यायाम. आठवड्यामागून आठवडे, वर्षामागून वर्ष.

मग एके दिवशी डावी तर्जनी हलली. त्याच्या सांगण्यावरून हलली. बोट हलणं ही तुम्हाआम्हाला क्षुल्लक बाब, पण मानेच्या दुसऱ्या मणक्यापाशी ज्याची सगळी वाहतूक बंद झाली होती, त्या शरीरात मेंदूचा हुकूम बोटाच्या टोकापर्यंत पोचला होता. इजेनंतर पाच वर्षांनी! त्या आणि पुढच्या काळात स्नायूंचे गुण शून्यावरून वीसवर गेले, संवेदनेचे ५८ ते ७७ पर्यंत. श्रेणी ‘ए’वरून ‘सी’ झाली, म्हणजे दोन पायऱ्या वर. श्वासपटलाच्या उजव्या भागावर, मनगटाच्या आणि मांडीच्या स्नायूंवर त्याचा थोडा ताबा आल्याचं यंत्राने नोंदवलं. आणि माझ्या मते याहून महत्त्वाचं म्हणजे हाडांचा ठिसूळपणा कमी झाला, स्नायू भरले, ताठरपणा उतरला, संसर्ग कमी झाले, अँटिबायोटिक्स कमी लागली. २००२ मध्ये हे सगळं शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं.

तो चालू लागला का? नाही. पन्नासाव्या वाढदिवसापर्यंत चालेन असं त्याने जाहीर केलं होतं, ते झालं नाही. काही तास व्हेंटिलेटरशिवाय राहू लागला, मुलाच्या हाताचा स्पर्श त्याला कळू लागला. आणि १० ऑक्टोबर २००४ रोजी तो गेला. कशाने? शय्याव्रणातून झालेल्या संसर्गावर उपचार चालू असताना हृदय बंद पडून. पैसा होता, चोवीस तास परिचारिका होत्या, जगातले उत्तम डॉक्टर होते. तरी पाठीवरची जखम त्याला घेऊन गेली. या गोष्टीकडे मी नंतर परत येणार आहे.

आता विचारू की ही सुधारणा झाली कशी? तुटलेले तंतू जोडले गेले का? तसं मानण्याला आधार नाही. मग?

पहिलं म्हणजे तपासणीत ‘ए’ आलेल्या अनेक रुग्णांत प्रत्यक्षात काही तंतू शाबूत असतात. मृत्यूनंतरच्या तपासण्यांत हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. जुडगा क्वचितच आरपार तुटतो, बहुतेक वेळा तो चेंगरतो. शाबूत तंतूंचं वेष्टन गेलेलं असतं, म्हणून त्यातून संदेश वाहत नाही. दुसरं, हे उरलेले तंतू शेजारी नवे फाटे काढू शकतात. मोठा घाट दरडीने बंद झाला की लोक डोंगरातल्या पाऊलवाटांनी पलीकडे जातात, ओझं कमी जातं, वेळ जास्त लागतो, पण माणूस पोचतो. मज्जारज्जूतल्या आखूड तंतूंच्या साखळ्या तसंच करतात. आणि तिसरं, ज्याचं मला आजही नवल वाटतं: इजेच्या खालचा मज्जारज्जू मेलेला नसतो. चालण्याचा ठेका धरणारी केंद्रं त्यातच असतात. मेंदूशी संबंध तोडलेलं मांजर फिरत्या पट्ट्यावर पावलं टाकू शकतं, आणि सरावाने ती पावलं सुधारतात, हे प्रयोगशाळेत कित्येकदा सिद्ध झालं आहे. म्हणजे मज्जारज्जू नुसती तार नाही. तो शिकतो. आणि जो शिकू शकतो, त्याची परीक्षा दोन वर्षांत संपवायची कशी?

याच ज्ञानावर विजेचे नवे उपचार उभे आहेत. लुईव्हिलच्या सुझन हार्केमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अशा एका तरुणाची नोंद प्रसिद्ध केली, ज्याच्या कण्यात मज्जारज्जूच्या वेष्टनावर विद्युत्पट्टी बसवली होती. वीज चालू असताना तो उभा राहू शकला आणि आपल्या इच्छेने पाय हलवू शकला. त्यानंतर स्वित्झर्लंडमध्ये गेर्ट-यान ओस्कम या डच गृहस्थाच्या मेंदूत आणि कण्यात उपकरणं बसवून दोन्ही संगणकाने जोडली. त्याचा अपघात २०११चा, प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो चालू लागला, आणि उपकरण बंद असतानाही कुबड्यांवर काही पावलं टाकू लागला. २०२४ मध्ये तर शस्त्रक्रियेशिवाय, मानेच्या कातडीवरून वीज देऊन केलेली चाचणी आली. ६० जणांपैकी ७२ टक्के लोकांच्या हातांत सुधारणा झाली, आणि त्यांतल्या काहींच्या इजेला कित्येक वर्षं उलटली होती. हात म्हणजे काय हे मानेखाली लुळ्या पडलेल्या माणसाला विचारा. तो पायांआधी हात मागतो. स्वतःच्या हाताने घास घेता यावा, डोळ्यांवरची माशी हाकलता यावी.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर मी तुमची फसवणूक केली असं होईल.

रीव्ह हा एक माणूस होता. एका माणसावरून व्यायामानेच सगळं झालं असं सिद्ध होत नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये जुन्या इजेच्या रुग्णांवर अशाच सर्वांगाच्या कसून व्यायामाची पद्धतशीर चाचणी झाली. त्यात नुसत्या हातांच्या व्यायामाच्या तुलनेत मज्जासंस्थेच्या गुणांत फरक दिसला नाही. अमेरिकेतल्या विशेष केंद्रांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या नोंदी पाहा. एका वर्षानंतर ज्यांची इजा ‘ए’ होती, त्यांतले ९४.४ टक्के पाच वर्षांनीही ‘ए’च राहिले. ३.५ टक्के एक पायरी वर गेले, सुमारे एक-एक टक्का ‘सी’ आणि ‘डी’पर्यंत.

हे आकडे ऐकून कोणी म्हणेल, म्हणजे आशा नाहीच! मी तसं म्हणत नाही. शंभरात पाच-सहा हा शून्य नव्हे. आपल्या जिल्ह्यातली अशी शंभर घरं डोळ्यांसमोर आणा, त्यांतल्या पाच-सहा घरांत वर्षानंतरही काही परत येणार आहे. आणि ज्यांची इजा सुरुवातीपासूनच अपुरी आहे, त्यांची शक्यता याहून बरीच जास्त आहे. पण शंभरातल्या चौऱ्याण्णवांना आपण काय सांगणार? त्यांच्यासाठी सुधारणा म्हणजे काय?

या प्रश्नाच्या उत्तराआधी मला बाजारातल्या एका गोष्टीबद्दल कडक बोलायचं आहे. स्टेम सेलच्या नावाने विकल्या जाणाऱ्या इंजेक्शनांबद्दल. शेत विकून, दागिने मोडून लोक ही इंजेक्शनं घेतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: रक्ताच्या काही ठरावीक आजारांपलीकडे स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, तो फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतो. आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. कोणी लाखांचा आकडा सांगितला, की उठून घरी या.

आता मघाच्या जखमेकडे येतो. रीव्हच्या मृत्यूने मला एक गोष्ट शिकवली, आणि आमच्या वॉर्डातल्या प्रत्येक नव्या डॉक्टरला मी ती सांगतो. उशिरा येणारी सुधारणा ज्या शरीरात यायची, ते शरीर तोपर्यंत टिकलं पाहिजे. ज्याच्या माकडहाडावर हाताचा तळवा जाईल एवढी जखम आहे, त्याला सायकलवर बसवणार कसं? ज्याचे गुडघे आखडून छातीशी गेले आहेत, त्याच्या पायांत उद्या जीव आला तरी तो उभा राहणार कशावर? ज्याची मूत्रपिंडं गेली, त्याला उद्याचं यंत्र काय कामाचं? दीर्घकालीन सुधारणेचा सगळा विचार तिथूनच सुरू होतो, आणि आपण तिथेच हरतो. शहरातल्या रुग्णालयात शस्त्रक्रिया उत्तम होते, मणक्यात स्क्रू बसतात, आणि दोन-तीन आठवड्यांत माणूस लघवीची नळी, म्हणजे कॅथेटर, लावून गावी जातो. कूस कशी बदलायची हे त्याच्या बायकोला कोणी शिकवलेलं नसतं. कॅथेटर महिनोन्‌महिने तोच.

याला खर्चिक यंत्रं लागत नाहीत. १९७२ मध्ये अमेरिकेत डॉ. जॅक लॅपिडिस यांनी दाखवून दिलं की कॅथेटर कायम ठेवण्याऐवजी दिवसातून ठरावीक वेळा स्वच्छ हातांनी घालून, लघवी काढून, परत काढून घ्यावा. निर्जंतुक खोली लागत नाही, साबणाने धुतलेले हात लागतात. दर चार ते सहा तासांनी. या एका युक्तीने किती मूत्रपिंडं वाचली याची गणती नाही. अंथरुणात दोन तासांनी कूस. खुर्चीत बसल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर अंग उचलायचं किंवा पुढे वाकायचं. रोज आरशाने पाठ पाहायची. वर्षातून एकदा मूत्रपिंडांची सोनोग्राफी. आणि सांध्यांचा व्यायाम दोन वर्षांनी थांबवायचा नाही, दहा वर्षांनीही नाही.

आपल्या राज्यात हे काम जाणणाऱ्या जागा आहेत. मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून केंद्रीय पुनर्वसन संस्था आहे. खडकीला सैनिकांसाठी १९७४ पासून पॅराप्लेजिक केंद्र आहे, जिथे माणसं वर्षानुवर्षं जगतात, खेळतात, चित्रं काढतात. पण गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या माणसाला हाजी अली किती लांब आहे, याचा विचार करा. जिल्ह्याच्या ठिकाणी असा एक विभाग हवा, चार-सहा खाटांचा का होईना, जिथे दोन वर्षांनी नाही तर दरवर्षी माणसाला पुन्हा बोलावलं जाईल, तीच पिनेची आणि कापसाची तपासणी पुन्हा होईल, आणि गुण एकाने वाढले तर ते कागदावर लिहिले जातील.

तोवर तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत असं एक तरी घर असेल. तिथे जा. पायांत जीव येईल का हे विचारू नका, ते त्यांनी हजारदा ऐकलं आहे. पाठीवर जखम आहे का ते विचारा. कॅथेटर शेवटचा कधी बदलला ते विचारा. सोनोग्राफी कधी झाली ते विचारा. जखम असेल, किंवा कॅथेटरची वा सोनोग्राफीची तारीख सांगता आली नाही, तर येत्या आठवड्यात त्या माणसाला जिल्हा रुग्णालयात घेऊन जा, आणि तिथे फिजिओथेरपिस्टची जागा रिकामी असेल, तर ती भरावी असा अर्ज लेखी देऊन त्याची पोच घ्या.